झिंक किती आहे हो तुमच्याकडे?

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. आमच्या भागातली भली भली माणसं बिघडली आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, नातवंडांकडून रामरक्षा म्हणवून घेणारे, चातुर्मासात कांदा-लसणाला न शिवणारे. व्यसन म्हणाल तर दारूचं नाही, पत्त्यांचंही नाही. तेलाचं आहे. रविवारी सकाळी पोरंबाळं झोपेत असताना ही मंडळी खाली पार्किंगमध्ये एखाद्या जुन्या फियाटच्या उघड्या बॉनेटभोवती जमतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली आणून एकमेकांना विचारतात, "तुमच्यात झिंक किती?"

अहो, काय हे! सभ्य वस्तीत?

परवा एकानं ताठ मानेनं "अकराशे" सांगितलं, तर शेजारच्यांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे आठशेच निघालं. मग म्हणे ते घरी जाऊन कुणाशी बोलले नाहीत, थालीपीठही अर्धं टाकलं. हा आकडा पीपीएमचा, म्हणजे तेलाच्या दहा लाख भागांत इतके भाग. याच गृहस्थांना स्वतःचं कोलेस्टेरॉल किती ते विचारून बघा. "हिला विचारा, फाइल हिच्याकडे असते."

हे फक्त पुण्यातच चाललंय असं समजू नका. दादरला हेच, नाशकात हेच. कोल्हापुरात शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक येते तेव्हा आपण गाडीकडे डोळे भरून बघतो. हे लोक मान वाकडी करून गाडीच्या खाली बघतात. काही ठिबकतंय का, आणि ठिबकत असेल तर रंग कसा आहे!

मी पडले रसायनशास्त्राची जुनी मास्तरीण. चहाचे कप न्यायच्या निमित्तानं उभी राहून सगळं ऐकते. त्यामुळे या भानगडीच्या मुळाशी काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. मुळाशी एक रेणू आहे. नाव झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट. एवढं नाव घेताना यांच्या कवळ्या सुटतील, म्हणून सगळे झेडडीडीपी म्हणतात, आणि मित्रमंडळींत नुसतं झिंक.

आता पद्मिनीचं इंजिन घ्या. मूळची ही इटलीची फियाट ११००. आपल्याकडे १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून ‘डिलाइट’ म्हणून निघाली, पुढे तिची पद्मिनी झाली. इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद चाळीस घोड्यांच्या आसपास. त्यात कॅमशाफ्ट फिरतो, त्याच्या अंड्यासारख्या उंचवट्यावर एक चपट्या बुडाचं टॅपेट बसलेलं असतं, त्यावर पुशरॉड, वर रॉकर, मग व्हॉल्व्ह. गाडी हायवेला तीन हजार आरपीएमवर असली की कॅम त्याच्या निम्म्यानं फिरतो. म्हणजे प्रत्येक उंचवटा आपल्या टॅपेटला सेकंदाला पंचवीस वेळा ढकलतो. ढकलतो म्हणजे कसा, तर घासत. स्पर्श होतो तो एका बारीक रेघेएवढ्या जागेत, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या रेघेवर. तिथे तेलाचा थर टिकत नाही, पिळून बाहेर निघतो. लोखंडाला लोखंड भिडतं. नव्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी या जागी रोलर बसवतात, किंवा रचनाच वेगळी असते. रोलर असला की घासण्याऐवजी गडगडत जाणं आलं, मग एवढा छळ होत नाही.

या छळाच्या जागी आपला रेणू कामाला येतो. उष्णता आणि दाब एकदम मिळाले की तो मोडतो आणि त्याच्या तुकड्यांतून धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पापुद्रा चढतो. जाडी शंभर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या पाच-सातशेव्या हिश्श्याएवढी. लोखंड झिजायच्या ऐवजी तो पापुद्रा झिजतो आणि तेलातून परत चढतो. खरं तर १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत याची पेटंट घेतली गेली तेव्हा कुणाच्या मनात हे काम नव्हतंच. तेल लवकर नासू नये आणि बेअरिंगला गंज चढू नये म्हणून त्याला ठेवलं होतं. झीज वाचवायचा गुण नंतर लक्षात आला.

यातला खरा अन्याय कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. पापुद्रा धरायचं मुख्य काम फॉस्फरस करतो. जोडीला गंधक. पण नाव कुणाचं? झिंकचं! पार्किंगमध्ये जयजयकार झिंकचा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत झिंक, आणि जो मरमर मरतो त्याचं नाव मागच्या बाजूला मुंगीएवढ्या टायपात. दोघे एकाच रेणूतून येतात, त्यामुळे आकडे साधारण जवळपास असतात आणि कुणाचं बिंग फुटत नाही, एवढंच.

पुढे या फॉस्फरसवर हद्दपारीची पाळी आली. इंजिन थोडं तेल जाळतंच. त्याबरोबर फॉस्फरस धुराड्यात जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलॅडियमवर जाऊन बसतो. एकदा बसला की उठत नाही, कन्व्हर्टर निकामी होत जातो. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, अमेरिकेत तर तो त्याच्या वीस वर्षं आधीपासून. मग तेलाच्या दर्जाचे नियम करणाऱ्यांनी फॉस्फरसला कात्री लावायला सुरुवात केली. २००४ साली एपीआय एसएम हा दर्जा आला, तेव्हा पातळ तेलांतला फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्के, म्हणजे आठशे पीपीएमवर आला. आता कळलं ना, थालीपीठ अर्धं का राहिलं ते?

त्याच सुमाराला अमेरिकेत बोंब उठली. तिकडच्या जुन्या व्ही-एट गाड्यांचे शौकीन इंजिन नवं करून घेतात, नवा कॅम, नवे टॅपेट, जास्त जोराच्या स्प्रिंगा बसवतात, आणि थोड्याच दिवसांत कॅमचा उंचवटा चक्क पुसला जातो. शेवरलेच्या प्रसिद्ध स्मॉल-ब्लॉक इंजिनाला १९८७पासून रोलर टॅपेट आले, पण त्याच्या आधीची चपट्या टॅपेटवाली इंजिनं तिकडे अमाप. सगळा दोष नव्या तेलाला दिला गेला. थोडा होताही. पण नव्या कॅमला पहिल्या वीस-तीस मिनिटांत गाडी रिकामी गुरगुरत ठेवायची नसते, दोन हजार आरपीएमच्या आसपास धरायची असते, नाहीतर टॅपेट स्वतःभोवती फिरत नाही आणि एकाच जागी खरवडलं जातं. ही पथ्यं किती जणांनी पाळली होती ते कोण सांगणार? तेल काही उलट बोलत नाही.

तर ही अमेरिकेतली भीती, जोरदार स्प्रिंगांच्या व्ही-एटची, विमानानं आली आणि आमच्या चाळीस घोड्यांच्या पद्मिनीत शिरली. पद्मिनीच्या स्प्रिंगा त्या मानानं अगदी गरीब. तरी मालकाची झोप गेली ती गेलीच. आमच्या ओळखीत एकांकडे खरी इम्पाला आहे, इंजिन नुकतंच नवं केलेलं, कॅमही नवा. त्यांनी काळजी केली तर मी समजू शकते. त्यांनी जरूर बघून, विचारून, जास्त फॉस्फरसचं तेल आणावं. पण ते गृहस्थ शांत आहेत हो! रात्री जागतात ते फियाटवाले आणि अँबॅसिडरवाले.

अँबॅसिडरवाल्यांचं दुःख तर वेगळंच. त्यांच्या बी-सीरीज इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवायला मुळात रबरी सीलच नाही. फिरत्या शाफ्टवर एक मळसूत्री खाच असते, ती तेल आत परत लोटते. गाडी थांबली की लोटणं थांबतं आणि खाली पत्र्याच्या ताटलीत थेंब पडायला लागतात. म्हणजे महागाचं झिंक आणायचं आणि ताटलीत गोळा करायचं. त्यावर मालकाचं उत्तर तयार: "गळतंय म्हणजे आत आहे."

आता यांचे उद्योग. एक पक्ष आहे डिझेलवाल्यांचा. हे हायवेवरच्या दुकानातून ट्रकच्या तेलाची बादली आणतात, १५डब्ल्यू-४०, आणि लपवून जिन्याखाली ठेवतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. डिझेलच्या तेलांत झिंक-फॉस्फरस बरीच वर्षं हात सैल सोडून घातलं जायचं. २००६च्या सीजे-४ दर्जानं तिथेही ०.१२ टक्क्यांची मर्यादा आणली, तरी आठशेपेक्षा ते बरंच. पण त्या तेलात काजळी धुणारी डिटर्जंट्सही भरपूर असतात, आणि धातूवर बसायची जागा त्यांनाही हवी असते. नुसता फॉस्फरसचा आकडा बघून पापुद्रा किती धरेल ते सांगता येत नाही. शिवाय ज्या इंजिनाच्या चेंबरमध्ये वीस वर्षांचा गाळ शांत बसलाय, तिथे एकदम एवढं धुणं काढलं तर तो गाळ उठून तेलाच्या जाळीत अडकू शकतो.

दुसरे बाटलीवाले. यांना कुठलंही तेल पुरेसं वाटत नाही. साधं तेल भरायचं आणि वरून झिंकची बाटली रिकामी करायची. मोजून? छे! "थोडं जास्तच घातलं, असू दे." हजार ते चौदाशे पीपीएम फॉस्फरस अशा इंजिनांना पुरे, असं जाणकार मानतात. पुढे वाढवत नेलं तर संरक्षण वाढत नाही, आणि दोन हजारांच्या पलीकडे तोच पदार्थ लोखंडाला खायला लागतो. तेल बनवणारा रसायनज्ञ डिटर्जंट, झिंक, फेस मोडणारे पदार्थ यांचं प्रमाण महिनोन्‌महिने तपासून जमवतो, आणि आमचे काका बनियनवर उभे राहून डोळ्यांच्या अंदाजानं त्यात भर घालतात.

पण सगळ्यांत चवीनं सांगावं असं प्रकरण जुन्या डब्यांचं. हो, डब्यांचं! १९८०च्या दशकातलं, कात्री लागायच्या आधीचं तेल, सील न फोडलेल्या पत्र्याच्या डब्यात. त्याच्या शोधात माणसं नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या माळ्यावर चढतात, मुंबईच्या चोर बाजारात पहाटे उभी राहतात. एका डब्यासाठी दोन जुन्या मित्रांचं बोलणं बंद झालंय. जिंकणाऱ्यानं डबा शोकेसमध्ये ठेवलाय, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पदवीच्या फोटोशेजारी. मी विचारलं, "इतक्या वर्षांत तळाशी काय काय बसलं असेल?" तर म्हणाले, "हलवून घालायचं." डबा जुना आणि माल कालचा असू शकतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. रिकाम्या डब्यांत भलतंच तेल भरून विकायचा धंदा आपल्याकडे किती जोरात चालतो, हे गॅरेजवाल्या पोरांना पक्कं माहीत असतं. म्हणून शहाणा मिस्त्री तेल ओतलं की डब्याला तुमच्यासमोर स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडतो. झिंक आठशे की हजार यावर तासभर भांडणारे, डबा कुठल्या दुकानातून आणला ते मात्र "ओळखीचा आहे" एवढ्यावर सोडून देतात.

आता एक गंमत ऐका, आणि ही मी कुठे ऐकलेली नाही, छापील नियमांत बघितली आहे. ती आठशेची मर्यादा सगळ्या तेलांना नाहीच! इंधन वाचवणारी जी पातळ तेलं आहेत, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे, त्यांच्यासाठी ती आहे. जाड २०डब्ल्यू-५०ला फॉस्फरसची ही वरची मर्यादा लागू नाही, मग दर्जा एसएन असो की एसपी. डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह असतं, त्याच्या खालच्या कमानीत ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलेलं असेल तर फॉस्फरस आवळलेला आहे असं समजायचं. नसेल आणि तेल जाड असेल तर उत्पादकाला मोकळीक आहे. मोकळीक म्हणजे घातलंच आहे असं नव्हे. त्याचं माहितीपत्रक बघावं, नसेल तर कंपनीला विचारावं. बस, एवढंच काम. आणि या जुन्या इंजिनांना जाडी कुठली लागते? आपल्या उन्हाळ्यात, सैल झालेल्या बेअरिंगांना? हेच २०डब्ल्यू-५०! १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये डकहॅम्सनं ते मिनी गाडीसाठी आणलं, कारण त्या बिचारीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात पोहत होते. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतंय. कुणी चोर बाजारात जायला सांगितलं होतं?

मी हे एकदा चहा देताना बोलून दाखवलं. शांतता पसरली. मग एक जण म्हणाले, "पण ते प्रायमरी की सेकंडरी?" बघा! झेडडीडीपीचेही प्रकार असतात. सेकंडरी लवकर मोडतं आणि कमी उष्णतेत पापुद्रा धरतं, प्रायमरी जास्त उष्णता सोसतं. खरं आहे, पुस्तकात आहे. पण ज्यांना स्वतःच्या टॅपेटची गॅप शेवटची कधी बघितली ते आठवत नाही, त्यांनी हे विचारावं?

कारण खरा गुन्हा पुढेच आहे. हे सगळं करून ही माणसं गाडी चालवतच नाहीत! कव्हर काढतात, दहा मिनिटं चोक ओढून जागच्या जागी स्टार्ट ठेवतात, फडक्यानं बॉनेट पुसतात आणि कव्हर घालतात. दहा मिनिटांत तेल धड तापत नाही. चोकमुळे जास्तीचं पेट्रोल भिंतीवरून खाली तेलात उतरतं, जळण्यातून झालेलं पाणी आत साचतं, आणि तेल आंबट होत जातं. आणि तो पापुद्रा? त्याला उष्णता हवी, भार हवा. जागच्या जागी गुरगुरणाऱ्या गाडीत तुमचं अकराशेचं झिंक नुसतं पोहत बसतं. महिन्यातून एकदा तासभर सिंहगड रस्त्यानं नाहीतर पानशेतकडे फिरवून आणली, इंजिन चांगलं तापवलं, वर्षाकाठी कितीही कमी चाललेली असली तरी तेल बदललं, की निम्म्या काळज्या मिटतात. पण मग रविवारी बोलणार काय?

पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं व्हिंटेजचे नियम केले, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं आली. त्या नियमांनुसार अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. आमच्यातल्या एकांनी हा नियम चौकटीत लावून ठेवायचा तेवढा बाकी ठेवलाय. मंडईत न्या म्हटलं की नियम पुढे करतात. तेल बदलायला मात्र नेता येते ना, ते कलम त्यांना पाठ आहे!

आणि ज्या पद्मिनी खरंच धावल्या, त्यांच्याकडे बघा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या. दोन-दोन पाळ्यांत, पावसात, सिग्नल ते सिग्नल, उपनगरातून फोर्टात आणि परत. त्यातली शेवटची २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ला सेवेतून गेली. कॅम झिजला म्हणून नाही, सरकारी मुदत संपली म्हणून. त्या चालकांपैकी कुणाला पीपीएम म्हणजे काय ते विचारायची माझी फार इच्छा आहे. तेल काळं झालं की बदलायचं, कमी झालं की भरायचं, टॅपेट वाजले की मिस्त्रीकडे जायचं.

हे मी आमच्या मंडळींना सांगितलं तर म्हणतात, "टॅक्सीची गोष्ट वेगळी." कशी वेगळी ते कुणी सांगत नाही.

बरं, तुम्हाला ताजी बातमी कळली का? तेलात झिंक घालून घालून थकलेल्या एकांनी गिअरबॉक्सवर मोर्चा वळवला. "सगळ्यात वरचा दर्जा द्या" म्हणून जीएल-५चं तेल आणून ओतलं. त्यातले जादा दाब सोसणारे गंधकाचे पदार्थ जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना सोसत नाहीत, तिथे जीएल-४ लागतं, हे त्यांना नंतर कळलं. आता सगळं काढून, धुऊन, परत भरणं चाललंय. बायकोला सांगितलेलं नाही. तिला माझ्याकडून कळलं.

शिवाय झिंकचा भाव परवापासून जरा उतरलाय. नवा विषय आला आहे, पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचा. फ्युएल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची रबरं, जुन्या होज-पाइपा, सगळं फुगणार, विरघळणार म्हणे. यात तथ्य आहे, जुनी रबरं बदलावीच लागतील. पण काल संध्याकाळी जिन्यात दोघं कुजबुजत उभे होते. मला बघताच गप्प झाले. एकाच्या हातात काचेची बाटली, तिच्यात पेट्रोल आणि पाणी, आणि वरून खुणेची रेघ मारलेली.